उतारवयातील स्त्रियांचा व्यायाम : त्याची परीक्षा कशी घ्यावी?

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी आज्ञा कार्यवाहांकडून आली, तेव्हा विषय शोधण्याचे श्रम आम्हांस पडले नाहीत. संस्थेच्या सभागृहात आठवड्यातून तीन दिवस सकाळी उतारवयाच्या भगिनींचा व्यायामवर्ग भरतो. देणगीदारांच्या पैशांतून त्याचा खर्च चालतो. वार्षिक अहवालात त्याचा वृत्तांत दोन ओळींत येतो : इतक्या भगिनींनी नावे नोंदविली, सरासरी इतकी उपस्थिती राहिली, कोजागिरीस अल्पोपाहार झाला. गेल्या वार्षिक सभेत एका वयोवृद्ध सभासदांनी उभे राहून सरळ प्रश्न केला, "हे सर्व ठीक आहे, पण या व्यायामाने बायकांना फायदा होतो की नाही, हे आपणांस कसे कळते?" सभागृहात क्षणभर शांतता पसरली. मग कोणीतरी म्हणाले की सगळ्याजणी आनंदी दिसतात, आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली.

प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही. आमचा पेशा शिक्षिकेचा. वर्गात बसणे आणि विषय येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही रोज पाहतो. हजेरीपट पूर्ण भरलेला असूनही मुलास त्रैराशिक येत नसेल, तर त्या हजेरीचा उपयोग काय? व्यायामाचेही तसेच आहे. घाम आला, अंग दुखले, मन प्रसन्न झाले, एवढ्यावरून शरीराची क्षमता वाढली असे ठरत नाही. ती मोजावी लागते. आणि ती मोजण्यास फार मोठी सामग्री लागत नाही, हे या लेखात सांगावयाचे आहे.

या विषयाची ओढ आम्हांस का लागली, तेही सांगणे प्राप्त आहे. आमच्या आईंना आम्ही अम्मी म्हणत असू. पाच वेळच्या नमाजात त्यांचे उभे राहणे, वाकणे, जमिनीवर माथा टेकणे आणि पुन्हा हात न टेकता उठणे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. २०१४ च्या सुमारास त्या उठताना भिंतीचा आधार घेऊ लागल्या. पुढे खुर्चीवर बसून नमाज पढू लागल्या. धर्माची त्यास मुभा आहे, आणि आम्ही सर्वांनी 'आता वय झाले' असे म्हणून ते मान्य केले. शेजारच्या काकूंनीही त्याच सुमारास देवापुढचा पाट काढून स्टूल घेतले होते. त्यांच्या घरीही कोणास त्यात काही विशेष वाटले नाही. २०१६ च्या हिवाळ्यात अम्मी पहाटे न्हाणीघराकडे जाताना पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले. पण त्या एकट्याने पुन्हा चालल्या नाहीत. आज आम्हांस कळते की पायांतील बळ दोन वर्षे आधीच निघून चालले होते, आणि जमीन सोडून खुर्ची धरणे ही त्याची सूचना होती. ती सूचना वाचण्याची विद्या आमच्यापाशी नव्हती.

क्षमता म्हणजे नेमके काय?

तरुणपणी शरीराची क्षमता म्हटली की धावणे, कुस्ती, जोर-बैठका डोळ्यांसमोर येतात. साठी उलटलेल्या स्त्रीची क्षमता निराळ्या मापाने पाहावी लागते. तिला स्वतःचे काम स्वतः, कोणाच्या आधाराशिवाय आणि दमछाक न होता करता येते काय, हा खरा प्रश्न. खुर्चीवरून व जमिनीवरून उठणे, जिना चढणे, भाजीची पिशवी घरी आणणे, मागे हात नेऊन अंबाडा घालणे, रस्ता ओलांडताना वाहन आल्यास चटकन बाजूस होणे, ही तिची मैदाने होत.

स्त्रियांच्या बाबतीत ही काळजी अधिक घ्यावी लागते. रजोनिवृत्तीनंतरच्या काही वर्षांत हाडांची झीज वेगाने होते. मुळात स्त्रीच्या अंगी स्नायूंचे बळ पुरुषापेक्षा कमी असते, म्हणून वयोमानाने दोघांचे बळ सारखेच घटले तरी 'आता उठवत नाही' ही सीमारेषा स्त्री आधी गाठते. त्यातच आपल्या घरांतील वृद्ध स्त्री कामात गुंतलेली असली तरी ते काम बहुधा ओट्याजवळ उभे राहण्याचे असते. त्यात पायांना वजन पेलावे लागत नाही व तोलही सांभाळावा लागत नाही. 'दिवसभर राबते, मला व्यायाम कशाला?' हे वाक्य प्रत्येक घरी ऐकू येते. थकवा येणे आणि बळ येणे यांत अंतर आहे, एवढेच त्यावर उत्तर.

सहा सोप्या कसोट्या

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील फुलर्टन येथील विद्यापीठात रॉबर्टा रिक्ली आणि जेसी जोन्स या दोन विदुषींनी वृद्धांसाठी कसोट्यांचा एक संच तयार केला. १९९९ साली त्यांनी ६० ते ९४ वर्षे वयाच्या सात हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांचे आकडे प्रसिद्ध केले. आज जगभर हा संच वापरला जातो. त्यासाठी एक खुर्ची, एक फीत, एक लहान वजन आणि सेकंद दाखविणारे घड्याळ एवढेच लागते. घड्याळ तर आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे.

पहिली कसोटी खुर्चीची. सुमारे १७ इंच उंचीची, हात नसलेली, न घसरणारी खुर्ची भिंतीस टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन बसावे, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. हीत मांड्यांचे बळ कळते. अमेरिकेतील ६० ते ६४ वयाच्या स्त्रियांपैकी मधल्या निम्म्या स्त्रियांचा आकडा १२ ते १७ होता. ७० ते ७४ वयात तो १० ते १५ आणि ८० ते ८४ वयात ९ ते १४. आपल्या वयाच्या खालच्या आकड्यापेक्षाही कमी वेळा उठता येत असेल, तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दुसरी कसोटी हाताच्या बळाची : ५ पौंडांचे, म्हणजे सव्वादोन किलोंहून किंचित अधिक वजन हातात घेऊन ३० सेकंदांत कोपर किती वेळा पूर्ण वाकविता येते ते पाहावे. तिसरी दमाची : सहा मिनिटांत किती अंतर चालता येते. ६० ते ६४ वयाच्या अमेरिकन स्त्रियांत मधल्या निम्म्याजणी सुमारे ५०० ते ६०० मीटर चालल्या. जागा नसेल तर दोन मिनिटे जागच्या जागी गुडघे ठरावीक उंचीपर्यंत उचलून पावले मोजावीत. चौथी लवचीकपणाची : खुर्चीच्या कडेवर बसून एक पाय सरळ पसरावा व बोटे पावलाच्या टोकापर्यंत पोहोचतात काय ते पाहावे, ज्यांची हाडे फार ठिसूळ झाली आहेत, त्यांनी मात्र ही कसोटी देऊ नये. पाचवी खांद्यांची : एक हात खांद्यावरून व दुसरा कमरेकडून पाठीमागे नेऊन बोटे किती जवळ येतात, हे पाहावे. ज्या भगिनीस पोलक्याची मागची गुंडी लावता येईनाशी झाली, तिला ही कसोटी समजावून सांगावी लागत नाही.

सहावी कसोटी तोलाची आणि चपळाईची. खुर्चीवरून उठावे, आठ फुटांवर ठेवलेल्या खुणेस वळसा घालावा, परत येऊन बसावे, आणि याला किती सेकंद लागले ते मोजावे. ७० ते ७४ वयाच्या स्त्रियांत मधल्या निम्म्यांना ४.९ ते ७.१ सेकंद लागले. ही कसोटी दिसते साधी, पण उठणे, चालणे, वळणे आणि बसणे या चारही गोष्टी तीत येतात, आणि वळताना तोल जाण्याचा संभव असतो.

हे आकडे परदेशांतील स्त्रियांचे आहेत हे विसरू नये. आपल्याकडील स्त्रीची उंची, आहार, जन्मभराच्या सवयी निराळ्या. म्हणून परक्या आकड्यांचा उपयोग दिशा दाखविण्यापुरता करावा, आणि प्रत्येकीची खरी तुलना तिच्या स्वतःच्याच मागच्या आकड्याशी करावी.

आपल्या घरांसाठी सातवी कसोटी आम्ही सुचवितो, ती जमिनीची. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरो येथील डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांची अशी परीक्षा घेतली. जमिनीवर बसण्यास ५ व उठण्यास ५ असे १० गुण. हात, गुडघा वगैरेंचा आधार घेतला की प्रत्येक वेळी एक गुण कमी. पुढील काही वर्षांत ज्यांचे मृत्यू झाले, त्यांत कमी गुणांच्या माणसांचे प्रमाण बरेच अधिक आढळले. जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढते असा याचा अर्थ नव्हे. उठण्याची शक्ती हा सबंध शरीराच्या स्थितीचा आरसा आहे, एवढाच अर्थ. पाटावर बसून पूजा करणाऱ्या, चटईवर नमाज पढणाऱ्या आणि पंगतीत जेवणाऱ्या समाजास हा आरसा घरातच मिळाला आहे. तो आपण पाहत नाही, इतकेच. ही कसोटी मात्र शेजारी कोणी उभे असतानाच द्यावी, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी देऊच नये.

परीक्षा प्रामाणिक कशी राहील?

आता परीक्षकाच्या चुकांविषयी. शाळेत जे गैरप्रकार होतात, ते येथेही न कळत होऊ शकतात.

पहिली चूक सरावाची. एखादी भगिनी पहिल्या दिवशी बावरते, 'पडेन की काय' म्हणून सावकाश उठते आणि आठ वेळा उठते. दुसऱ्या आठवड्यात रीत समजल्यामुळेच ती दहा वेळा उठते. ही वाढ बळाची नव्हे. म्हणून पहिला दिवस केवळ सरावास द्यावा आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा वहीत लिहावा. तीच खुर्ची, तीच वेळ, तीच पादत्राणे असावीत.

दुसरी चूक गळतीची. समजा, वर्गात तीस मुले होती. दहा कच्ची मुले शाळा सोडून गेली आणि उरलेली वीसही उत्तीर्ण झाली. मुख्याध्यापक म्हणतात, निकाल शंभर टक्के! व्यायामवर्गात नेमके हेच होते. ज्यांचे गुडघे दुखू लागले, ज्यांना व्यायाम झेपला नाही, त्या घरी बसतात. उरतात त्या मुळातच धडधाकट. म्हणून सोडून गेलेल्यांची नावे खोडू नयेत. त्या का गेल्या, हे घरी जाऊन विचारावे. कित्येकदा वर्गाचे खरे मूल्यमापन त्याच करतात.

तिसरी चूक, जो शिकवितो त्यानेच गुण देणे. शिक्षकाचा हात नकळत सढळ होतो, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

चौथी चूक सर्वांत सूक्ष्म आहे : सुधारणा व्यायामाने झाली की आपुलकीने? एकाकी वृद्ध स्त्रीस आठवड्यातून तीन दिवस घराबाहेर पडावयास मिळाले, चार जणींनी तिची विचारपूस केली, तर तिला बरे वाटणारच. या शंकेचे निरसन न्यूझीलंडमधील डनेडिन येथील डॉक्टर कँपबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी फार सुरेख रीतीने केले. त्यांनी ८० वर्षे व त्यांवरील वयाच्या २३३ स्त्रिया घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा त्यांच्या दोन तुकड्या पाडल्या. एका तुकडीतील प्रत्येक स्त्रीच्या घरी पहिल्या दोन महिन्यांत व्यायामतज्ज्ञ चार वेळा गेल्या. घोट्यास लहान वजन बांधून पाय उचलणे, टाचा-चवड्यांवर उभे राहणे, एका रेषेत चालणे असे व्यायाम त्यांनी प्रत्येकीच्या शक्तीनुसार नेमून दिले. आठवड्यातून तीन वेळा सुमारे अर्धा तास हे व्यायाम करावयाचे, आणि शिवाय फिरावयास जावयाचे. दुसऱ्या तुकडीकडेही तितक्याच वेळा भेटी दिल्या, परंतु केवळ गप्पागोष्टींसाठी! म्हणजे आपुलकी दोघींना सारखी. फरक केवळ व्यायामाचा. वर्षभरात गप्पांच्या तुकडीत १५२ वेळा पडझड झाली आणि व्यायामाच्या तुकडीत ८८ वेळा. हे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. चांगली परीक्षा कशास म्हणावे, याचा हा आदर्श पाठ आहे. आणि विशेष हे की तेथे ना मोठी यंत्रे होती, ना व्यायामशाळा. ऐंशी वर्षांच्या आजी आपापल्या घरीच व्यायाम करीत होत्या.

अमुक एक व्यायाम चांगलाच असणार, हे गृहीत धरण्याचा धोका दुसऱ्या एका प्रयोगाने दाखविला. त्याच १९९७ साली इंग्लंडातील इब्राहिम व त्यांच्या सहकाऱ्यांनी, मागील दोन वर्षांत हाताचे हाड मोडलेल्या १६५ स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना भरभर चालण्यास सांगितले आणि निम्म्यांना हातांचे हलके व्यायाम दिले. चालणाऱ्या स्त्रियाच अधिक वेळा पडल्या! कारण उघड आहे. ज्यांचा तोल आधीच डळमळीत, त्यांना बळ व तोल न कमावता रस्त्यावर घाईने चालावयास लावले. चालणे वाईट असे यातून ठरत नाही. चालण्याने हृदयास, रक्तातील साखरेस आणि मनास लाभ होतोच. पण ज्यांचे पाय लटपटतात त्यांनी आधी उभे राहण्याची शक्ती मिळवावी, मग चालण्याचा वेग वाढवावा, हा क्रम मात्र ठरतो.

कसोटीस कोणता व्यायाम उतरतो?

आता फळ पाहू. म्हातारपणी स्नायू वाढत नाहीत, हा समज १९९० साली बोस्टन येथे खोटा ठरला. मारिया फियाटारोने यांनी वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वयाच्या दहा माणसांना आठ आठवडे पायांनी भारी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. एकाने तो मध्येच सोडला. उरलेल्या नऊ जणांचे पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे पावणेतीनपट झाले. पुढे १९९४ साली त्यांनीच १०० अशक्त वृद्धांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला. तेथे बळ ११३ टक्क्यांनी वाढले, आणि चालण्याचा वेगही सुमारे १२ टक्क्यांनी वाढला. त्यांचे सरासरी वय ८७ होते.

हाडांविषयीही असेच दिसले. १९९४ सालीच मिरियम नेल्सन यांनी ५० ते ७० वयाच्या ३९ स्त्रियांचे वर्षभर निरीक्षण केले. आठवड्यातून दोन दिवस वजनाचा व्यायाम करणाऱ्यांच्या मांडीच्या हाडाच्या मानेची घनता जवळजवळ एक टक्क्याने वाढली. न करणाऱ्यांची अडीच टक्क्यांनी घटली. येथे एक मर्म लक्षात घ्यावे. वयानुसार घट ही होणारच. म्हणून सहा महिन्यांनी एखाद्या पंचाहत्तरीच्या भगिनीचा आकडा जसाच्या तसा राहिला, तर 'काही उपयोग झाला नाही' असे म्हणू नये. प्रवाहाविरुद्ध जागच्या जागी टिकून राहणे हेही पोहणेच आहे.

ऑस्ट्रेलियात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, हाडे विरळ झालेल्या १०१ स्त्रियांपैकी निम्म्यांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, तज्ज्ञांच्या नजरेखाली बऱ्यापैकी भारी वजने उचलली. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. 'तज्ज्ञांच्या नजरेखाली' हे शब्द मात्र कोणी विसरू नयेत. असा व्यायाम घरी एकटीने करण्याचा नव्हे.

सर्वांत मोठा आढावा २०१९ चा. त्यात २५ देशांतील १०८ प्रयोग आणि २३,००० हून अधिक माणसे एकत्र पाहिली. त्यांत तीन-चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया होत्या. व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झाले. तोल सांभाळण्याचे व उठण्या-बसण्याचे व्यायाम करणाऱ्यांत ते २४ टक्क्यांनी, आणि त्यांस वजनाच्या व्यायामाची जोड दिलेल्यांत ३४ टक्क्यांनी कमी झाले. 'ताई ची' या संथ चिनी व्यायामाने ते १९ टक्क्यांनी घटले. नुसते चालणे किंवा नुसती वजने उचलणे यांबाबत मात्र खात्रीचा निष्कर्ष निघाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली ६५ वर्षांवरील माणसांस हेच सांगितले : आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम, आणि किमान तीन दिवस तोल व बळ यांवर भर देणारा मिश्र व्यायाम.

आपल्या परंपरेत काय आहे?

बडोदे शहरास हे नवीन वाटू नये. उस्ताद जुम्मादादा यांच्या आखाड्यात घडलेले राजरत्न माणिकराव यांनी सांघिक व्यायामाची शिस्त येथूनच दूरवर पोहोचविली. त्यांच्या गुरूच्या नावाचे व्यायाममंदिर आजही उभे आहे. 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी याच शहरातून संपादिले. ती सारी साधना प्रामुख्याने तरुणांसाठी होती. तिचा वारसा आता आजींपर्यंत पोहोचविणे, एवढेच आपले काम.

आपल्या खेळांतही निवड करण्याजोगे पुष्कळ आहे. झिम्म्यात एका पायावरून दुसऱ्या पायावर भार जातो. नवरात्रातील दोन टाळ्यांचा गरबा संथ लयीत केला, तर पुढे-मागे-बाजूस पाऊल टाकण्याचा व वळण्याचा सुंदर सराव होतो. फुगडी मात्र या वयात नको. तिने भोवळ येते. सूर्यनमस्कारांतील पूर्ण वाकणे ज्यांची हाडे विरळ आहेत अशांनी डॉक्टरांस विचारल्याशिवाय करू नये. आसनांनी लवचीकपणा येतो, पण वर्गात केवळ बसून ताण देण्याचीच आसने असतील, तर खुर्चीची व वळशाची कसोटी सुधारण्याची आशा धरू नये. ज्या विषयाचा अभ्यास केला, त्याच विषयात गुण मिळतात.

संस्थेपुढे एक सूचना

आमची सूचना अशी. वर्गात येणाऱ्या प्रत्येक भगिनीची एक वही असावी. वर्गात दाखल होताना, तीन महिन्यांनी व पुढे दर सहा महिन्यांनी कसोट्यांचे आकडे तीत लिहावेत. दर महिन्यास 'या महिन्यात पडलात काय?' एवढे विचारावे. ठेच लागून टेकलात तरी सांगा, असे बजावावे, कारण पडल्याची गोष्ट स्त्रिया घरच्यांपासून लपवितात. आकडे घेणारी व्यक्ती वर्ग चालविणारी नसावी. जागेच्या अभावी ज्यांना प्रतीक्षेत ठेवावे लागते, त्यांचेही आकडे त्यांच्या संमतीने घ्यावेत, म्हणजे तुलनेची तुकडी आपोआप मिळेल. आणि पुढच्या खेपेस त्यांस प्रथम प्रवेश द्यावा. कोणाचाही आकडा जाहीर करू नये. वृद्धापकाळी चारचौघांत क्रमांक लावून घेणे कोणास आवडेल?

सावधगिरीही हवी. छातीत दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, ताब्यात नसलेला रक्तदाब, वारंवार भोवळ, यांपैकी काही असल्यास आधी डॉक्टरांची अनुमती घ्यावी. वजन उचलताना श्वास कोंडू नये. परीक्षेच्या वेळी बाजूस एक मदतनीस उभी असावी.

एका वर्षानंतर आकडे काही हालले नाहीत, तर वर्ग बंद करण्याची घाई करू नये; आधी वर्गात काय शिकविले जाते ते पाहावे. मुले नापास झाली की चांगला शिक्षक प्रथम स्वतःची शिकवण तपासतो. व्यायाम फार हलका तर नाही? सहा महिने तेच वजन, त्याच वीस बैठका चालल्या आहेत काय? शरीरास हळूहळू अधिक मागितले, तरच ते अधिक देते.

परवा आम्ही नमुन्यादाखल खुर्चीची कसोटी घेतली, तेव्हा एका मावशींनी डोळे मिचकावून विचारले, "बाई, तुमच्या परीक्षेत मी नापास झाले, तर काय हो करणार?" आम्ही म्हटले, "मावशी, वरच्या वर्गात घालणार!" त्या सहा वेळा उठल्या होत्या. वय त्र्याहत्तर. त्यांच्या वहीत आम्ही तो आकडा लिहिला आणि घरी खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव रोज करण्यास सांगितले. जोडीला टेबल धरून टाचा उचलणे. तीन महिन्यांनी पुन्हा मोजणार आहोत. हा सहाचा आकडा वेळेवर कळला, यातच आम्हांस समाधान आहे. अम्मींचा आकडा कोणी लिहिलाच नाही.

पन्नास वर्षांत आपल्या संस्थेने विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या दिल्या, आजाऱ्यांस औषधे दिली. ज्या आयांनी आणि आज्यांनी या काळात घरे सांभाळली, त्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे बळ देणे हे याच सेवेचे पुढचे पाऊल ठरावे. पुढच्या वार्षिक सभेत त्या वयोवृद्ध सभासदांनी पुन्हा उभे राहून तोच प्रश्न विचारावा, आणि त्या वेळी कार्यवाहांच्या हाती उत्तर असावे, अशी इच्छा व्यक्त करून, संस्थेस दीर्घायुष्य चिंतून आम्ही हा लेख पुरा करतो.